गीतेत हा शब्द कसा?

प्रश्न : आमच्या सोसायटीत आम्ही बायका दर गुरुवारी गीतेचे अध्याय म्हणतो. तेराव्या अध्यायात 'अव्यभिचारिणी' भक्ती आली की सगळ्यांचा आवाज आपोआप खाली जातो. परवा एकीच्या नातीने अर्थ विचारला, तर कुणालाच सांगवेना. देवाच्या भक्तीला असला शब्द का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आवाज खाली नेऊ नका. शब्द सोवळा आहे, निदान जन्माने तरी. वि, अभि आणि 'चर्' म्हणजे चालणे. ठरल्या वाटेने चालता चालता फाटा फोडणे, तो व्यभिचार. (यातला 'अभिचार' तेवढा सुटा काढू नका, त्याचा अर्थ जारणमारण होतो. उपसर्गांचा हिशेब असाच लहरी.)

हा शब्द सगळ्यात काटेकोरपणे वापरला न्यायशास्त्राने, आणि तिथे स्त्री-पुरुषांचा संबंधच नाही. तुमच्याच स्टेशनवर उभे राहू. 'ही गाडी नेरूळला थांबते, म्हणजे वाशीलाही थांबणार,' असं तुम्ही एखाद्या नवख्याला सांगितलंत. सीएसएमटीच्या गाडीपुरतं ते खरं ठरेल. पण पनवेलहून ठाण्याला निघालेली गाडीही नेरूळला थांबते आणि जुईनगरवरून तुर्भ्याला निघून जाते. वाशी राहते बाजूला. 'नेरूळला थांबणं' ही खूण वाशीशी एकनिष्ठ नाही. अशा दगाबाज कारणाला नैयायिक 'सव्यभिचार हेतू' म्हणतात. त्यांचं स्वतःचं उदाहरण तापलेल्या लोखंडी गोळ्याचं : विस्तव आहे म्हणजे धूर असणारच म्हणाल, तर तो लालबुंद गोळा तुम्हाला खोटं पाडतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात तर 33 व्यभिचारी भाव आहेत. तिथे शब्दाची फोडही वेगळी : विविध प्रकारे रसाकडे जाणारे, म्हणून व्यभिचारी. 'संचारी' हे त्यांचं दुसरं नाव. तुमचा आवाज खाली नेणारी लज्जा त्यांतलीच एक, बरं का!

मात्र आजचा अर्थ कुणी अलीकडे चिकटवला असंही नाही. मनुस्मृतीतही तो आहे. मराठीत पुढे तेवढाच उरला. ज्याला आपण व्यभिचाराचं कलम म्हणत होतो, ते दंडसंहितेतलं 497 सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केलं; शब्दाची बदनामी काही रद्द झाली नाही.

गीतेत हा शब्द चौदाव्या आणि अठराव्या अध्यायातही भेटेल. अठराव्यात तर तो धृतीला, म्हणजे धीराला लावलाय. नातीला सांगा, 'इकडेतिकडे न भरकटणारी'. आणि म्हणताना 'भक्तिरव्यभिचारिणी' मधला 'र' पूर्ण उच्चारा. नकाराचा 'अ' त्याच्यातच दडलाय. तो गिळलात तर अर्थ नेमका उलटा होतो.