मनोरे सरळ, आकाश गडद

प्रश्न : यूबी सिटीचे कृष्णधवल फोटो काढले, पण मनोरे मागे झुकलेले आणि आकाश फिकट दिसते. काय करू? – एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वरच्या टोकाला जवळ येतात. म्हणून कब्बन पार्कच्या बाजूने, लांबून, कॅमेरा समतल धरून फोटो घ्या. तो रॉ स्वरूपात ठेवा आणि कृष्णधवल करताना निळ्या रंगाची उजळता कमी करा. आकाश गडद होईल, ढग पांढरेच राहतील. मात्र काचेतले आकाशाचे प्रतिबिंबही काळवंडते, तेव्हा हात राखून करा. पावसाळ्यात ढग पळत असताना ट्रायपॉडवर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर जरूर वापरा. १/६० सेकंदाचे एक्स्पोजर सुमारे १७ सेकंदांचे होते आणि निश्चल मनोऱ्यामागे ढगांचे सुंदर पट्टे उमटतात.