बऱ्हाणपूरचे पाणी आणि वीज : महाविद्यालयीन क्षेत्रकार्यासाठी एक पाठ

सातपुड्याच्या पायथ्याशी व तापीच्या काठी वसलेल्या बऱ्हाणपूर शहरासाठी इ. स. १६१५ मध्ये एक पाणीपुरवठा योजना उभारण्यात आली. त्या वेळी अब्दुल रहीम खानखाना येथे सुभेदार होते. तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने ही योजना आखली. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारे पाणी वाटेतच अडवावे, भुयारात घ्यावे आणि उताराने शहराकडे न्यावे, अशी तिची रचना होती. सुमारे वीस-वीस मीटर अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या बांधून त्या भुयाराने जोडल्या गेल्या. उजेड, हवा व साफसफाई यांसाठी या कुंड्यांचा उपयोग होई. कुंडी भंडारा अथवा खुनी भंडारा या नावाने ही रचना ओळखली जाते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचा समावेश झाला आहे.

प्रवासी या रचनेकडे प्राचीन चमत्कार म्हणून पाहतात. विद्यार्थ्याने मात्र तिच्याकडे एक हिशेब म्हणून पाहावयास हवे. भंडाऱ्याचे पाणी वरून खाली येते, म्हणून ते वाहण्यासाठी इंधनाचा एक थेंबही लागत नाही. आज जिल्ह्यातील बहुतेक केळीच्या बागांना मिळणारे पाणी खालून वर चढवावे लागते आणि त्या प्रत्येक लीटरमागे वीज खर्ची पडते. पाण्याचा प्रश्न आणि ऊर्जेचा प्रश्न हे येथे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

उचलण्याचा हिशेब

एक हजार लीटर पाण्याचे वजन एक हजार किलोग्रॅम असते. ते १०० मीटर उचलण्यास ९,८०,००० ज्यूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल होत. म्हणजे हे काम केवळ ०.२७ युनिटात व्हावयास हवे. तथापि मोटार, पंप व नळ यांमध्ये बरीच शक्ती वाया जाते. दर १०० भागांपैकी ४० भागच उपयोगी पडले असे धरल्यास प्रत्यक्ष खर्च सुमारे ०.६८ युनिट येतो.

आता एक हेक्टर केळीची बाग घ्यावी. दीड मीटर बाय दीड मीटर अंतराने लावल्यास तीत ४,४४४ झाडे बसतात. उन्हाळ्यात दर झाडास रोज २० लीटर पाणी दिले असे समजल्यास रोज सुमारे ८९,००० लीटर पाणी लागेल. वरील प्रमाणानेच हिशेब केल्यास, पाणी ३० मीटरवर असताना रोज सुमारे १८ युनिट, ६० मीटरवर गेल्यास ३६ युनिट आणि ९० मीटरवर गेल्यास ५४ युनिट वीज लागेल. ठिबक सिंचनास लागणारा दाब यात धरलेला नाही. बाग तीच आणि पाणीही तेवढेच, परंतु भूजल खाली गेल्यामुळे खर्च तिप्पट झाला.

शेतीची वीज सवलतीच्या दराने मिळत असल्यामुळे हा वाढता खर्च शेतकऱ्याच्या बिलात पुरता उमटत नाही. तो शासनाच्या तिजोरीवर आणि वीजनिर्मितीच्या यंत्रणेवर पडतो. शेतकऱ्यावर येतो तो वेगळाच भार. जुनी विंधन विहीर आटली म्हणजे त्याला अधिक खोल विहीर आणि अधिक अश्वशक्तीची मोटार घ्यावी लागते. ज्याची ऐपत आहे तो खोल जातो. ज्याची नाही त्याची बाग वाळते.

विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य

राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार मध्यप्रदेशात २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य, प्रशिक्षुता अथवा समाजकार्य यांपैकी एक करावयाचे असते. त्यापूर्वी २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानाने उच्च शिक्षणसंस्थांना परिसरातील गावांशी जोडले होते. पुष्कळदा असे प्रकल्प ग्रंथालयात बसून उतरवून काढले जातात व गुण मिळाल्यावर कपाटात पडून राहतात. त्याऐवजी एका गटाने एक गाव घ्यावे आणि पुढील चार मोजमापे करावीत.

पहिले मोजमाप विहिरींच्या पातळीचे. गावातील दहा उघड्या विहिरी निवडून प्रत्येकीच्या काठावर रंगाने कायमची खूण करावी. त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर वजन बांधलेल्या फितीने मोजावे. मेअखेरीस व पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरमध्ये, असे वर्षातून निदान दोनदा मोजावे. मोजण्यापूर्वी मोटार काही तास बंद असावी, अन्यथा आकडा फसवा येतो.

दुसरे पावसाचे. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी ठरावीक वेळी नोंद करावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर हेक्टरी दहा हजार लीटर पाणी. हा हिशेब आठवीच्या मुलासही समजतो.

तिसरे पंपाचे. २०० लीटरचे पिंप किती सेकंदांत भरते ते पाहावे व त्याच वेळी मीटरवरील नोंद घ्यावी. मोटार चालू असताना पाण्याची पातळी किती खाली आहे, तेथून पाणी किती उंच जाते, हेही लिहावे. समजा, पिंप ५० सेकंदांत भरले, म्हणजे तासाला १४,४०० लीटर पाणी निघाले आणि तासाला ४ युनिट वीज लागली. तर एक हजार लीटरमागे ०.२८ युनिट पडले. उंची ३० मीटर असल्यास प्रत्यक्ष गरज ०.०८ युनिटाची होती. दर दहा युनिटांपैकी सुमारे सातच वाया गेली, असा याचा अर्थ.

चौथे मोजमाप पाण्याच्या जडपणाचे. भंडाऱ्याच्या भिंतींवर चुन्याचे थर साचून भुयार अरुंद होत गेले आहे. पाण्यात विरघळलेला चुना भुयारातील हवेशी संबंध आल्यावर बाहेर पडतो व थरावर थर चढतो. हीच क्रिया ठिबकच्या छिद्रांतही घडते. म्हणून पाण्याची परीक्षा ही केवळ प्रयोगशाळेची बाब राहत नाही.

मोजणी करताना कोणीही विहिरीत वा भुयारात उतरू नये. मोटारीच्या विद्युत जोडणीस जाणकाराखेरीज इतरांनी हात लावू नये.

प्रशिक्षित हातांची गरज

वाया गेलेल्या त्या सात युनिटांची कारणे साधी असतात. फूटव्हॉल्व गळका असतो, नळ अरुंद असतो, इंपेलर झिजलेला असतो, व्होल्टेज कमी असते किंवा जळालेल्या मोटारीचे वाइंडिंग घाईने केलेले असते. विद्यार्थ्याने दोष दाखवून दिला तरी तो दूर करणारा कारागीर गावात नसेल तर संशोधन कागदावरच राहील. म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व पंपचालक यांना महाविद्यालयीन गटांबरोबर एकाच विहिरीवर उभे करावे. एकाने मोजावे, दुसऱ्याने दुरुस्त करावे आणि दोघांनी मिळून पुन्हा मोजावे. दुरुस्तीपूर्वी किती युनिट व नंतर किती, हा आकडा गावकऱ्यांना कोणत्याही भाषणापेक्षा अधिक पटतो.

जल जीवन अभियानाच्या आरंभी, १५ ऑगस्ट २०१९ रोजी, जिल्ह्यातील १,०१,९०५ ग्रामीण कुटुंबांपैकी ३७,२४१ कुटुंबांकडे नळाचे पाणी होते. जुलै २०२२ मध्ये सर्व २५४ गावांनिशी बऱ्हाणपूर हा 'हर घर जल' प्रमाणित देशातील पहिला जिल्हा ठरला. या यशाची राखण करणे हे पुढचे काम आहे. जेथे योजनेचा उद्भव विंधन विहीर आहे, तेथे नळाचे पाणी अखेर त्याच भूजलावर अवलंबून असते ज्यावर केळीची बाग वाढते. प्रत्येक गावात पाच व्यक्तींना, शक्यतो महिलांना, पाणी तपासणीचे प्रशिक्षण द्यावे, अशी या अभियानाची योजना आहे. त्याच महिलांकडे विहिरींच्या पातळीची वहीही सोपवता येईल.

वही कोठे राहावी?

विद्यार्थी तीन वर्षांनी महाविद्यालय सोडतो, परंतु विहीर गावातच राहते. यास्तव मोजमापांची मूळ वही गावच्या शाळेत ठेवावी, तिची एक प्रत महाविद्यालयात असावी आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. १० मे २०२५ रोजी मध्यप्रदेश व महाराष्ट्र शासनांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेसाठी करार केला. अशा योजनेने भूजल किती वर आले हे ठरविण्यास आधीच्या वर्षांचे आकडे लागतील. ते नंतर गोळा करता येत नाहीत.

भंडारा बांधणाऱ्यांनी पाण्याची वाट आधी ओळखली, मग कुदळ हाती घेतली. पुढे त्याची निगा मागे पडली, चुना साचत गेला आणि पाणी मुरण्याच्या प्रदेशावरील ताण वाढला. शोध, बांधणी व निगा या तिन्हींची साखळी अखंड राहिली तरच पाणी टिकते. ही साखळी पुन्हा जोडण्याचे काम शिक्षकांनी येत्या मे महिन्यात, दहा विहिरी व एक फीत घेऊन, सुरू करावयास हरकत नाही.