तारेवरील संभाषण

गेल्या सत्रांत आमच्या संगणककक्षांत जो प्रसंग घडला, त्यावरून ह्या पाठास आरंभ करितों. शाळेंतील सर्व संगणक ज्यास जोडलेले असतात त्या स्विच नामक यंत्राची मांडणी पाहावी, म्हणून नववीच्या एका विद्यार्थ्यानें त्याची सीरियल तार एका संगणकास लाविली व टर्मिनल एम्युलेटर सुरू केला. पडद्यावर शब्दांऐवजीं चौकोन, प्रश्नचिन्हें व भलभलतीं अक्षरें उमटूं लागलीं. आपल्या हातून यंत्र जळालें असें वाटून मुलगा रडकुंडीस आला. आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तसेंच वाटून आम्ही त्यास चार कठोर शब्द बोललों. यंत्र शाबूत होतें. तें सेकंदास ९६०० बिट ह्या गतीनें बोलत होतें व संगणक १,१५,२०० बिटांच्या गतीनें ऐकत होता, इतकेंच.

टर्मिनल एम्युलेटर म्हणजे काय हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. एके काळीं संगणक एक व वापरणारे अनेक असत, आणि प्रत्येकापुढें एक टर्मिनल असे. १९६३ सालचें मॉडेल ३३ टेलिटाइप कागदावर सेकंदास १० अक्षरें छापी. पुढें कागदाची जागा पडद्यानें घेतली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीटी १०० ह्या १९७८ सालच्या टर्मिनलावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. तीं यंत्रें गेलीं, परंतु त्यांचें हुबेहूब सोंग घेणाऱ्या आज्ञावली मागें राहिल्या. पुटी व मिनिकॉम ह्या त्यांतल्याच. दाबलेल्या कळीचें अक्षर तारेंत सोडावयाचें व तारेंतून आलेलें अक्षर पडद्यावर मांडावयाचें, हेंच त्यांचें मुख्य काम.

आतां तारेंत काय चालतें तें पाहूं. इंग्रजी मोठ्या 'ए' ह्या अक्षराचा ठरलेला अंक ६५. द्विमान पद्धतींत तो ०१०००००१ असा लिहितात. तार स्तब्ध असतां तिची स्थिति १ असते. बोलणारा प्रथम एक ० पाठवितो, हा आरंभ-बिट. मग अक्षराचे आठ बिट उजवीकडून डावीकडे. शेवटीं १, हा विराम-बिट. अक्षरामागें १० बिट, म्हणून ९६०० च्या गतीनें सेकंदास ९६० अक्षरें जातात. दोघांमध्यें सामाईक घड्याळ नसतें. आरंभ-बिट दिसतांच ऐकणारा आपल्याच घड्याळानें मोजूं लागतो व प्रत्येक बिटाच्या मध्यावर तारेची स्थिति पाहतो. आमच्या प्रसंगीं स्विचचा एक बिट पुरा होईपर्यंत संगणकानें बारा मोजले. मग वाचनाची काय गत होणार!

ह्या अडचणीवर मोडेमवाल्यांनीं काढलेली युक्ति आम्हांस फार आवडते. साध्या दूरध्वनीची तार ध्वनि वाहण्यासाठीं केलेली. म्हणून मोडेम बिटांचे सूर करितो व पलीकडचा मोडेम सुरांचे पुन्हां बिट करितो. सेकंदास ३०० बिटांच्या बेल १०३ पद्धतींत हांक मारणारा १ साठीं १२७० व ० साठीं १०७० हर्ट्झचा सूर काढी. उत्तर देणाऱ्याचे सूर २२२५ व २०२५ हर्ट्झचे, म्हणजे दोघांस एकाच वेळीं बोलतां येई. १९८१ सालीं हेझ कंपनीचा स्मार्टमोडेम निघाला, त्यास टर्मिनलावरूनच आज्ञा देतां येत. बहुतेक आज्ञांचा आरंभ 'ए टी' ह्या अक्षरांनीं. अर्थ, 'इकडे लक्ष दे'. त्यांतील 'ए' मध्यें आरंभाच्या ० नंतर लागलाच १ येतो. तो एकटा ० किती वेळ टिकला हें मोजलें कीं बोलणाऱ्याची गति मोडेमास कळते! संभाषण चालू असतां मोडेमलाच कांहीं सांगावयाचें असेल, तर क्षणभर स्तब्ध राहून तीन अधिक चिन्हें द्यावीं व पुन्हां क्षणभर थांबावें. स्तब्धता नसेल तर तीं चिन्हें मजकुराचींच समजून पुढें जातात.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबई आदि शहरांत इंटरनेट सर्वांस खुलें केलें, तेव्हां पुष्कळ विद्यार्थी चित्रांवांचून, केवळ अक्षरांच्या टर्मिनलावरूनच त्यांत शिरले. मोडेमची ती शीळ पालकांपैकीं कित्येकांस आठवत असेल.

पडद्यावर घोटाळा दिसल्यास घाबरूं नये. त्याचें रूप पाहावें. सर्वच अक्षरें बिघडलीं असतील तर बहुधा गति चुकलेली असते. इंग्रजी नीट दिसून देवनागरी तेवढी बिघडली, तर दोष अक्षरसंकेताचा. यूटीएफ-८ संकेतांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. 'मराठी' ह्या शब्दांत मात्रांसह पांच चिन्हें, म्हणजे १५ बाइट. तो एक शब्द जुन्या ३०० बिटांच्या मोडेमवरून जाण्यास अर्धा सेकंद लागला असता. प्रत्येक अक्षर दोनदां उमटल्यास पलीकडून प्रतिध्वनि येत असून आपल्याहि आज्ञावलींत तो चालू आहे असें समजावें. आलेलें दिसतें पण आपलें कांहीं जात नाहीं, अशा वेळीं प्रवाह-नियंत्रण बंद करून पाहावें. कांहींच न दिसल्यास मग तार तपासावी; एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या टोंकास गेली पाहिजे.

हें सर्व समजून घेतल्यावर त्या विद्यार्थ्याची आम्हीं वर्गासमक्ष क्षमा मागितली. त्यानें गति ९६०० केली व एन्टर दाबला. स्वच्छ अक्षरांत स्विचनें परवलीचा शब्द विचारला. तो मात्र आम्हांलाच आठवेना.