नमुना बाईनंच घेतला तर?

प्रश्न : मी मुर्ध्याची आशा सेविका. गृहभेटीला गेलं की बायका दार लोटून हळूच सांगतात, अंगावरून पांढरं जातं, खाज येते. दवाखान्यात चला म्हटलं की ‘आतून तपासतील’ म्हणून मागं सरतात, शिवाय कामाचा खाडा होतो. नमुना बाईला स्वतःच घेता येतो म्हणतात, ते खरं का? आमच्या बायका तयार होतील का?

उत्तर : खरं आहे, ताई. लॅबनं दिलेली काडी योनीत साधारण दोन इंच सरकवायची, कडांना लागेल अशी गोल फिरवायची, कुठंही न टेकवता नळीत ठेवायची. गर्भाशयाच्या तोंडापर्यंत पोचायची गरज नाही. परमा (गोनोरिया) आणि क्लॅमिडिया यांच्या नव्या चाचण्या जंतूंची जनुकं शोधतात, त्यामुळं चिमूटभर नमुनाही पुरतो आणि बाईनं घेतलेला डॉक्टरांनी घेतलेल्याइतकाच भरवशाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच ही सोय द्यावी असं सुचवलं. गरमी (सिफिलिस) आणि एचआयव्हीसाठी मात्र सहसा रक्त लागतं.

तयारीचं म्हणाल, तर मला गडचिरोली आठवते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं : 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि आधी कधी आतून तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. त्या बायका बेफिकीर होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्या दारापर्यंत कुणी गेलंच नव्हतं. तुम्ही जाता, म्हणून तर तुमच्यापाशी त्या बोलतात.

लाज काडीनं बरीच कमी होते. उरतात ते दुसरेच प्रश्न. आपण बरोबर घेतला का? दहा बाय दहाच्या खोलीत, सासू-मुलांसमोर घ्यायचा कुठं? नळीवर नाव कुणाचं, निकाल कुणाच्या फोनवर येणार? याची उत्तरं आधी हातात ठेवा. चित्र दाखवा, आरोग्य केंद्रातलं कडीचं न्हाणीघर मिळवा, नावाऐवजी क्रमांक मागा.

एक गोष्ट मात्र जपून. पांढरं जाणं म्हणजे गुप्तरोगच, असं नाही. दोन पाळ्यांच्या मध्ये थोडं जाणं नैसर्गिक असतं, बुरशीनंही खाज सुटते. ‘गुप्तरोगाची तपासणी’ हे शब्द भिंतीपलीकडं गेले तर घरात संशय पेटतो आणि मार तिला बसतो. ओटीपोटात दुखणं, ताप किंवा गरोदरपण असेल तर काडीवर थांबू नका, डॉक्टरांकडं न्याच.

सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये आज बहुतेक लक्षणं पाहून करड्या, हिरव्या अशा रंगांच्या पाकिटांतून औषध देतात. ते मोफत मिळतं आणि त्याच दिवशी मिळतं. पण क्लॅमिडिया बहुतेक बायकांत मुका असतो. लक्षणच नाही तर पाकीट कशावरून देणार? अशांसाठी स्वतः घेतलेला नमुना खरा उपयोगाचा, आणि म्हणूनच ही सोय आपल्या केंद्रात यावी असा आग्रह तुम्ही धरावा असं मला वाटतं. कुठं जावं ते 1097 या मोफत क्रमांकावर कळतं.

निकालात आजार निघाला तर नवऱ्यालाही औषध हवं, नाहीतर तोच जंतू परत तिच्याकडं येऊ शकतो. त्याच्यासाठी तर काडीही नको : तासभर लघवी रोखायची आणि पहिली धार बाटलीत धरायची.