पोटाचे जुने ऑपरेशन आणि प्रोस्टेटचा कॅन्सर

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. अपेंडिक्स फुटल्यामुळे पूर्वी त्यांचे पोट उघडून ऑपरेशन झाले होते. आता प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आहे, पण तो ग्रंथीबाहेर गेलेला नाही. रोबोटिक सर्जरी करावी की रेडिएशन घ्यावे?

उत्तर : जुन्या ऑपरेशनमुळे कोणताही उपचार आपोआप बाद होत नाही.

पोट एकदा उघडले की आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटू शकतात. नेहमीच्या रोबोटिक सर्जरीत उपकरणे पोटाच्या पोकळीतून जातात. त्यामुळे आधी चिकटलेला भाग सोडवावा लागतो. वेळ वाढतो आणि आतड्याला इजा होण्याचा धोकाही. अनुभवी सर्जन पोकळीत न शिरता, तिच्या भोवतीच्या पडद्याबाहेरूनही प्रोस्टेटपर्यंत पोहोचतात. हर्नियाची जाळी बसवलेली असेल, तर मात्र हीच वाट अवघड होते.

रेडिएशनमध्ये अडचण वेगळी. ओटीपोटात चिकटलेले आतडे जागचे हलत नाही, म्हणून रोज त्याच भागाला किरण लागू शकतात. लसिकाग्रंथींनाही किरण द्यायचे असतील, तर हा धोका वाढतो.

निर्णयाची घाई नको. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत १,६४३ पुरुषांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागणी झाली. १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत या कॅन्सरने झालेले मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपासच होते. कमी जोखमीच्या कॅन्सरमध्ये नियमित देखरेखही पुरते.

जुन्या ऑपरेशनची कागदपत्रे सोबत घ्या आणि युरोसर्जन व रेडिएशनतज्ज्ञ, दोघांनाही भेटूनच ठरवा.