अकरा महिने पडून राहिलेला कागद

तहसील कचेरीत तीस वर्षे कारकुनी केलेल्या बाईस कागदाची मुदत म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. फेरफारावर हरकत कधीपर्यंत घ्यावी, अपील कोणत्या तारखेच्या आत दाखल व्हावे, मुदत टळली म्हणजे खऱ्या हक्कदाराचाही दावा कसा बुडतो, हे मी शेकडो खातेदारांना समजावून सांगितले. आणि ‘पुढील तपासणी आवश्यक’ अशी स्पष्ट ओळ असलेला माझ्या स्वतःच्या नावाचा कागद मात्र लोखंडी कपाटात, इरकली साडीच्या घडीखाली, डांबरगोळ्यांच्या वासात अकरा महिने दडवून ठेवला.

वय तेव्हा अठ्ठेचाळीस होते. दुखतखुपत काही नव्हते. महिला कर्मचाऱ्यांसाठी भरलेल्या शिबिरात साऱ्याजणी गेल्या म्हणून मीही गेले. अहवालात दोन गोष्टी होत्या: गर्भाशयमुखाच्या पेशींत तीव्र स्वरूपाचे बदल, आणि एचपीव्ही पॉझिटिव्ह. पहिलीचा अर्थ मी कर्करोग असाच लावला. दुसरीचा अर्थ शोधताना ‘लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू’ एवढेच शब्द मनात रुतले, आणि यजमानांनी बदलीच्या गावी एकट्याने काढलेली चार वर्षे मी रात्री जागून मोजू लागले. त्यांना विचारण्याचे धैर्य नव्हते, आणि न विचारता शांत राहण्याइतका विश्वासही उरला नव्हता.

पुढे हळदीकुंकवासाठी साडी काढताना तो कागद थोरल्या जाऊबाईंच्या हाती लागला. ‘अगं, यावर तारीख कुठली आहे ते तरी बघ,’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन सोलापूरच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात जाऊन बसल्या.

बाईंनी प्रथम हे समजावले की चाळणी तपासणीचा अहवाल हा चौकशीचा हुकूम असतो. निदान त्यानंतर होते. मग दुर्बिणीतून तपासणी झाली, जिला कॉल्पोस्कोपी म्हणतात. व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल कापसाने लावताच पडद्यावरच्या गुलाबी त्वचेवर मिनिटभरात एक पांढरट डाग उमटला. नंतर आयोडीन लावले तेव्हा भोवतालची निरोगी त्वचा गडद तपकिरी झाली आणि तो भाग तेवढा मोहरीसारखा पिवळा राहिला. माझ्या देहाचा तो तुकडा, ज्याच्या भयाने मी वर्षभर झुरले, नखाएवढा होता. त्यातून कणभर मांस तपासणीस गेले, आणि उत्तर आले: सीआयएन ३, म्हणजे कर्करोगाची पूर्वावस्था, अद्याप खोल न शिरलेली. पुढे जागा बधिर करून विजेच्या तारेच्या वेढ्याने तेवढा भाग काढला, आणि संध्याकाळी मी घरी होते. मुदत टळली नाही हे माझे दैव. अकरा महिन्यांत ती कोणाची टळतही असेल.

विषाणूविषयी बाईंनी जे सांगितले ते मला आधी कळते तर घरातले ते मौन तरी टळले असते. संसार केलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना एचपीव्हीची लागण आयुष्यात केव्हातरी होतेच, आणि दहापैकी सुमारे नऊजणींच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्यांच्यातही कर्करोग होण्यास बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. तो कित्येक वर्षे सुप्त राहू शकत असल्याने केव्हा आणि कोणाकडून आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही; म्हणून त्या कागदावरून नवऱ्यावर वा बायकोवर आरोप ठेवण्यास काडीचाही आधार नाही. यजमानांपाशी मी माझा संशय कबूल केला. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले, आणि नंतर, ‘एकटीने का सोसलंस?’ असे म्हणाले.

अहवालातल्या शब्दांत मात्र तारतम्य आहे. ‘अनिश्चित’ किंवा ‘सौम्य’ बदल पुष्कळदा आपोआप निवळतात आणि बहुधा ठराविक काळाने पुन्हा तपासणे पुरते. ‘तीव्र’ बदल असतील, अथवा विषाणू १६ किंवा १८ क्रमांकाचा निघाला, तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये, कारण या रोगाच्या शंभरांतील सुमारे सत्तर रुग्णांत हेच दोन प्रकार आढळतात. विषाणूवर औषध नाही; उपचार बिघडलेल्या पेशींवर होतो. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसले, तर जुना अहवाल कितीही निर्दोष असो, त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

एका सल्ल्यापासून मी विशेष सावध करते. ‘पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल,’ असे मला दोघीतिघींनी सांगितले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशाच शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. पूर्वावस्थेत बहुधा तेवढा बाधित भाग काढणे पुरते. कोणी एकदम गर्भाशय काढण्यास सांगितले तर मांसपरीक्षणाचा अहवाल मागावा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

या रोगाचे पुष्कळसे ज्ञान आमच्याच जिल्ह्याने जगाला दिले, याची मला खंतही वाटते आणि अभिमानही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला, आणि एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांचे सातबारे माझ्या हातून गेले, त्या गावांतील बाया नंबर लावून तपासणीस उभ्या राहिल्या होत्या. त्यांपैकी अनेकींना अक्षरओळखही नसेल. मला वाचता येत होते.

उपचारानंतरच्या तपासणीत विषाणू आढळला नाही, तरी पुढे कित्येक वर्षे नेमाने जावे लागणार आहे. पुढची तारीख मार्गशीर्षात येते. थोरल्या जाऊबाई छप्पन्न वर्षांच्या आहेत. त्यांची ही तपासणी आजवर एकदाही झालेली नव्हती हे मला परवाच कळले, आणि त्याच दिवसासाठी मी त्यांचेही नाव घातले आहे.