भूकंपाचा धोका सगळीकडे सारखा का नसतो? चला, आपल्या देशाचा भूकंप-नकाशा वाचूया



भूकंपाचा पाठ सुरू केला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "सर, आपल्या गावात भूकंप होईल का?" पुस्तकात भूकंपनाभी, अपिकेंद्र, लहरींचे प्रकार हे सगळं असतं. मुलं ते पाठही करतात. पण त्यांना खरं हवं असतं ते या प्रश्नाचं उत्तर. आजचा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

आधी दोन शब्दांतला फरक पाहू. शेताच्या बांधावर साप आहे, हा धोका झाला. त्याच बांधावरून रात्री अनवाणी, बॅटरी न घेता जाणं ही झाली जोखीम. साप आपल्या हातात नाही, चप्पल आणि बॅटरी मात्र आहे. भूकंपाचंही असंच आहे. जमीन किती हलू शकते हा धोका. त्या जमिनीवर कसली घरं आहेत, किती माणसं राहतात, घराखाली खडक आहे की भुसभुशीत गाळ, यावरून जोखीम ठरते. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच उपयोग होणार आहे.

आता मूळ कारण. आपला भारत ज्या भूपट्टावर आहे तो दरवर्षी साधारण ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवरचे पाच सेंटीमीटर. ऐकायला काहीच नाही. पण समोर युरेशियाचा भूपट्ट अडून बसलाय आणि हे ढकलणं कोट्यवधी वर्षं चालू आहे. या रेटारेटीतूनच हिमालय उभा राहिला. जिथे दोन पट्ट भिडतात तिथे खडकांवर ताण साठत जातो. ताण सहन होईनासा झाला की खडक तुटतात, घसरतात आणि जमीन हादरते. म्हणून काश्मीरपासून अरुणाचलपर्यंतचा पट्टा देशात सर्वांत धोक्याचा. १९०५ ला कांगडा, १९३४ ला बिहार-नेपाळ, १५ ऑगस्ट १९५० ला आसाम-तिबेट सीमेवर. या शेवटच्या भूकंपाचं मॅग्निट्यूड ८.६ होतं. अंदमान-निकोबारची बेटंही अशाच पट्टांच्या सीमेवर आहेत, २००४ ची त्सुनामी त्याच बाजूच्या भूकंपाने आली.

मॅग्निट्यूडबद्दल मुलांचा नेहमी गोंधळ होतो, म्हणून इथे जरा थांबतो. ६ आणि ७ मध्ये फरक फक्त एकाचा दिसतो, पण बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट असते. ६ वरून ८ वर गेलो तर हजार पट! दुसरं म्हणजे एका भूकंपाचं मॅग्निट्यूड एकच असतं, पण तीव्रता गावोगावी वेगळी. मिरवणुकीत ढोल एकाच ताकदीने वाजतो. ढोलाजवळ उभं राहिलं तर छातीत धडधडतं, दोन गल्ल्या पलीकडे नुसता आवाज येतो. ढोलावरचा फटका म्हणजे मॅग्निट्यूड आणि तुमच्यापर्यंत जे पोहोचलं ती तीव्रता. बातम्यांमध्ये या दोन्हींची सरमिसळ फार होते.

झोन म्हणजे काय?

भारतीय मानक ब्युरोने देशाचा भूकंप-नकाशा पहिल्यांदा १९६२ मध्ये केला. त्यानंतर तो अनेकदा बदलला. २००२ मध्ये त्यात चार झोन ठेवले गेले: २, ३, ४ आणि ५. (झोन १ कुठे गेला, असं मुलं लगेच विचारतात. तो झोन २ मध्ये मिळवला. का, ते पुढे येईलच.) आपण इथे हाच नकाशा धरून चाललो आहोत. झोन ५ म्हणजे सर्वांत जास्त धोका. त्यात ईशान्येकडची जवळजवळ सर्व राज्यं, काश्मीर, हिमाचल व उत्तराखंडचा काही भाग, उत्तर बिहारचा काही भाग, गुजरातमधलं कच्छ आणि अंदमान-निकोबार येतात. देशाचा साधारण ११ टक्के भाग हा. झोन ४ मध्ये सुमारे १८ टक्के, दिल्ली आणि पाटणा यात आहेत. झोन ३ मध्ये ३० टक्क्यांच्या आसपास. बाकीचा झोन २.

महाराष्ट्रात काय? मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, सोलापूर, लातूर, धाराशिव झोन ३ मध्ये. गोवासुद्धा ३ मध्येच. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर झोन २ मध्ये. कोयनेच्या आसपासचा पट्टा झोन ४ मध्ये.

या आकड्यांचा उपयोग मुख्यतः इंजिनिअरला होतो. इमारतीचा आराखडा करताना झोन २ साठी ०.१०, झोन ३ साठी ०.१६, झोन ४ साठी ०.२४ आणि झोन ५ साठी ०.३६ असा गुणक धरतात. म्हणजे तीच दोन मजली शाळा नागपुरात बांधायची आणि गुवाहाटीत बांधायची, तर गुवाहाटीत साडेतीन पटीहून जास्त आडवा जोर धरून तिचं गणित करावं लागतं. पाचवी-सहावीच्या मुलांना हे गुणोत्तर काढायला द्या. गणिताचा तासही होऊन जातो.

कच्छ हिमालयापासून इतकं लांब, मग ते झोन ५ मध्ये कसं? तिथे जमिनीखाली फार जुन्या भेगा आहेत आणि उत्तरेकडच्या रेट्याने त्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात. १८१९ च्या भूकंपात तिथे सपाट रणात जमीन उचलली जाऊन ८० किलोमीटरहून लांब बांधासारखा उंचवटा तयार झाला. माणसाने न बांधलेला बांध, म्हणून लोक त्याला अल्लाह बंद म्हणू लागले. मग २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊला भूज. मॅग्निट्यूड ७.७. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली दीडशेहून जास्त शाळकरी मुलं आणि त्यांचे शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींखाली सापडले. आपणही प्रभातफेरी काढतो. फेरीचा रस्ता ठरवताना मला हे आठवतं आणि मी मोकळा रस्ता निवडतो, थोडं लांब पडलं तरी चालेल.

त्याच भूकंपात अहमदाबादमध्येही शेकडो लोक गेले. अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब, तेही झोन ३ मध्ये. पडलेल्या अनेक इमारतींमध्ये खाली पार्किंगसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. वरचा सगळा भार बारीक पायांवर उभा. शिवाय साबरमतीच्या गाळाच्या जमिनीने हादरा वाढवला, तो वेगळाच.

किल्लारी: नकाशा सुरक्षित म्हणत होता

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. लातूर-उस्मानाबाद भागात ६.२ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या वेळी हा भाग कोणत्या झोनमध्ये होता माहितीये? झोन १. म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा! दख्खनचं पठार स्थिर आहे, घट्ट आहे, असं तेव्हा पुस्तकातच शिकवत असत.

स्थिर भागात भूकंप का झाला? उत्तरेकडचा तो रेटा फक्त हिमालयालाच जाणवतो असं नाही. आख्खा भूपट्ट दाबला जातोय. आपल्या काळ्या बसाल्ट खडकाच्या थरांखाली त्याहून जुने खडक आहेत आणि त्यांत भेगा आहेत. वर लाव्ह्याचं पांघरूण असल्यामुळे त्या दिसत नाहीत. तिथे ताण इतका हळू साठतो की दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षंही जाऊ शकतात. माणसाची आठवण, बखरी, सरकारी नोंदी एवढ्या मागे जातच नाहीत. आणि पूर्वीचा नकाशा बऱ्याच अंशी झालेल्या भूकंपांच्या नोंदींवरच बेतलेला होता. जिथे नोंद नाही तिथे धोका नाही, असा अर्थ आपोआप निघाला. किल्लारीनंतर लातूर झोन ३ मध्ये गेलं आणि २००२ ला झोन १ हा प्रकारच काढून टाकला. भारतात कुठेच "इथे भूकंप होणार नाही" असं नकाशा आता म्हणत नाही.

पण दहा हजार का? १९९९ चा उत्तराखंडमधला चमोलीचा भूकंप किल्लारीपेक्षा मोठा होता. तिथे मृत्यू शंभराच्या आसपास. तो झोन ५ चा भाग, डोंगराळ, वस्ती विरळ. किल्लारीकडे गावं दाट आणि भूकंपाचं केंद्र जमिनीखाली फारसं खोल नव्हतं. त्यातून घरं कशी, तर दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, सांधायला चिखलमाती आणि वर माळवद. माळवद उन्हाळ्यात गार राहतं, म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांनी ते पसंत केलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दर दोन-चार वर्षांनी वर मातीचा थर चढत गेला. छताचं वजन टनांत. भिंतीतले दगड गोलसर, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत अडकवणारे लांब दगड घातलेले नाहीत. जमीन आडवी हलली तशी भिंत मधून फुगली आणि छत थेट झोपलेल्या माणसांवर आलं.

त्याच गावांमध्ये खणांची घरंही होती, लाकडी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर छत पेललेली. अशा काही घरांच्या भिंती बाहेर ढासळल्या, पण छत खांबांवर टिकून राहिलं आणि आतली माणसं वाचली. एकच गाव, एकच हादरा. फरक खांबांचा. आसाममध्ये १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर लाकडी सांगाडा, बोरूच्या कुडाच्या भिंती आणि हलकं पत्र्याचं छप्पर अशी घरं रुळली, त्यांना आजही "आसाम टाईप" म्हणतात. कच्छमधले गोल भुंगे, काश्मीरमधली लाकडी चौकटींत विटा भरलेली धज्जी-दिवारी, हीसुद्धा अशीच. जिथे हादरे वारंवार बसतात तिथले लोक घर बांधायला शिकतात. आपल्याकडे शिकायची वेळच आली नव्हती.

कोयनेचं प्रकरण वेगळं. १९६२ च्या सुमारास शिवसागर जलाशय भरायला लागला आणि परिसरात लहान धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ च्या आसपासचा भूकंप झाला, दोनशेच्या घरात माणसं गेली. धरणाला भेगा पडल्या, पुढे ते मजबूत केलं गेलं. जलाशयाच्या पाण्याने चाळवलेल्या भूकंपांचं हे जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आहे. मात्र "धरण बांधलं की भूकंप होतो" असं मुलांना सांगू नका. देशात हजारो धरणं आहेत. कोयनेच्या खाली आधीच ताण साठलेल्या भेगा होत्या, मुरलेल्या पाण्याच्या दाबाने त्या सुटायला मदत झाली. तिथले धक्के अजून थांबलेले नाहीत. अभ्यासासाठी केंद्र सरकारने कराडला प्रयोगशाळा उभारली आणि कोयना भागात जमिनीत ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं.

अलीकडे पालघरमध्ये डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. हिंगोली जिल्ह्यातही २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये ४.५ चे धक्के बसले. असं काही झालं की लगेच व्हॉट्सॲपवर "आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप" असे मेसेज फिरतात आणि आख्खं गाव थंडीत बाहेर झोपतं. तारीख आणि वेळ सांगून भूकंपाचं भाकीत आज जगात कुणीच करू शकत नाही. मेसेजमध्ये तास-मिनिटं दिली असतील तर तो खोटाच समजा.

जमीन बदलली की हादरा बदलतो

हा मुद्दा नुसता सांगून कळत नाही, करून दाखवावा लागतो. दोन सारखी ताटं घ्या. एकात फरशीचा तुकडा, दुसऱ्यात ओली वाळू. दोन्हींवर रिकाम्या काडेपेट्या उभ्या करा आणि एकाच बाकावर ठेवून बाकाच्या टोकाला हाताने सारखे हलके ठोके द्या. बहुतेक वेळा वाळूवरची पेटी आधी डुलते, कलंडते. मग वाळूत आणखी पाणी घाला, वर अर्धी वीट उभी ठेवा, पुन्हा ठोके द्या. वीट हळूहळू रुतायला लागते. १९३४ ला उत्तर बिहारमध्ये मोठ्या पट्ट्यात हेच झालं. जमिनीतून वाळू-पाणी उसळलं आणि घरं कलली, खचली. गंगेचा गाळ, दिल्लीतला यमुनाकाठ, मुंबईतली भराव टाकून मिळवलेली जमीन ही याच जातीची ठिकाणं. झोनचा रंग आख्ख्या जिल्ह्याला एकच असतो, पण त्याच जिल्ह्यात खडकावरची वाडी आणि नदीकाठची वाडी एकसारखी हलत नाही.

तर "आपल्या गावात होईल का?" याचं उत्तर मी वर्गात असं देतो: होऊ शकतो, कधी ते माहीत नाही, आणि झाला तर आपलं काय होईल हे बरंचसं आत्ता बघता येतं.

हे बघण्यासाठी या आठवड्याचा उपक्रम. आपल्या जिल्ह्याचा झोन नकाशात शोधा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा की त्यांना कधी हादरा जाणवला होता का, कोणत्या साली. घराची भिंत कशाची, सांधायला माती की सिमेंट, छत कशाचं, खाली काळी माती की मुरूम, हे वहीत लिहा. सिमेंट-विटांचं घर असेल तर दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग बांधणारा काँक्रीटचा पट्टा आहे का ते घरच्यांना किंवा गवंड्याला विचारा. शेवटचं काम शाळेतलं: वर्गातली कोणती कपाटं भिंतीला पट्टीने पक्की केलेली नाहीत आणि त्यांच्या समोर कोण बसतं, त्याची यादी करून सोमवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा.